ब्रेकची अक्कल

अक्कांच्या घरी भाड्यानं राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फार दुखत होतं. ऑफिसातून येऊन मी जिन्यातच बसले होते. अक्का खालून दोन पायऱ्या चढून आल्या आणि म्हणाल्या, "कथा दुखस?"

"डोकं दुखतंय, अक्का."

"ते दिसनं माले. कथा? बोट ठेव."

कथा म्हणजे कुठे. मी कपाळाच्या मधोमध बोट ठेवलं.

"नक्की तठेच?"

मी जरा चाचपून बघितलं. दुखत होतं ते डाव्या भुवईच्या वर. बोट तिकडे सरकवल्यावर अक्का म्हणाल्या, "मंग डोकं नही. डोया शे. नंबर तपासी ले." नंबर खरोखरच वाढलेला निघाला.

हे "बोट ठेव" त्या सगळ्यांनाच म्हणत. मिक्सर बंद पडला म्हणून शेजारीण रडकुंडीला आली की तिला म्हणत. नळाला पाणी कमी येतं असं मी म्हटलं की मला म्हणत. पुढे एकदा माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा मी दोन दिवस खोलीतून बाहेर पडले नव्हते. अक्का कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन वर आल्या. माझी समजूत काढावी असा काही त्यांचा विचार दिसला नाही. समोर बसून त्यांनी विचारलं, "कथा दुखस? तो गया म्हनीसन, का लोके काय म्हनतीन म्हनीसन?" उत्तर दिल्यावर माझं मलाच कळलं की त्या माणसासाठी मी रडतच नव्हते. मग मी भाकरी खाल्ली.

मी मूळची चाळीसगावची. धुळ्याला एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागले, नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं. देवपुरात अक्कांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मिळाल्या. अक्का तेव्हा पासष्टीच्या पुढे होत्या. बुटक्या, काटक, पांढरं सुती लुगडं आणि पायात कॅनव्हासचे बूट. चपलेतून पेडल कळत नाही, म्हणून बूट. पेडल, कारण अक्का गाडी चालवत. त्या काळी आमच्या गल्लीत चारचाकी असलेलं ते एकच घर, आणि ती चालवणारी एकच बाई.

त्यांचे यजमान डॉक्टर. वीस-बावीस वर्षं दोघं इंग्लंडला होते. म्हातारपणी गावाकडे राहायचं म्हणून आले, येताना गाडी बोटीतून आणली, आणि दीड वर्षात डॉक्टर गेले. एकुलता मुलगा जळगावला. तोही डॉक्टरच. अक्का एकट्याच राहिल्या. इतकी वर्षं परदेशात काढलेली बाई, पण बोलणं सगळं अहिराणी. मला अहिराणी येत होती, पण ऑफिसात बोलायची लाज वाटायची. अक्कांना कसलीच लाज नव्हती. आमचे मोठे साहेब एकदा घरी आले होते, त्यांनाही त्यांनी दार उघडून "काय शे?" असंच विचारलं.

म्हणजे मला तसं वाटत होतं. एका गोष्टीची लाज त्यांना होती, ती मला फार उशिरा कळली.

अक्कांच्या स्वयंपाकघरात मसाल्याचे दोन डबे होते. एकात तिखट, हळद, जिरं. दुसऱ्यात सातही वाट्यांमध्ये स्क्रू, वॉशर, तांब्याच्या तारा, सोल्डरचं वेटोळं. एकदा माझ्या फोडणीत मोहरीबरोबर एक वॉशर तडतडला, तेव्हापासून मी झाकणं नीट बघायला लागले. घरातला रेडिओ, इस्त्री, मिक्सर, सगळं त्या स्वतः दुरुस्त करत. पण दार लावून. सोल्डरिंग आयर्न तापलेलं असताना कुणी कडी वाजवली, की त्यावर पितळी परात झाकून, हात लुगड्याला पुसून, कणीक मळत असल्यासारख्या दार उघडायला जात. शेजारणीचा मिक्सरसुद्धा त्यांनी रात्रभर ठेवून घेतला आणि "मिस्त्रीकडून करून आणला" म्हणून परत दिला.

"अक्का, खोटं कशाला बोलता?" मी विचारलं होतं.

"डाक्टरनी बाई डाग देस, असं लोके म्हनतीन." डाग म्हणजे सोल्डरचा टाका. एवढंच म्हणून त्यांनी परात उचलली.

गाडी सुरू करायचा त्यांचा एक विधी होता. किल्ली अर्धी फिरवली की समोरचे सगळे दिवे लागत. इंजिन सुरू झालं की ते एकेक करून विझत, आणि अक्का मोठ्यानं हजेरी घेत. "तेल... गया. बॅटरी... गयी. ब्रेक... गया." सगळे गेले की मगच गियर. पेठेत गाई बसलेल्या असल्या तर हॉर्न वाजवत नसत. इंजिन बंद करून, त्या उठेपर्यंत थांबत. मागे रिक्षावाले ओरडत. अक्का त्यांनाच हात करून सांगत, "तिले बाळ व्हनार शे, थांब."

त्या उन्हाळ्यात मार्च संपता संपता एक दिवा गेला नाही.

पिवळा, छोटा. आम्ही भाजी आणायला निघालो होतो. अक्कांनी हजेरी घेतली. किल्ली बंद करून परत फिरवली. दिवा तसाच. त्यांनी मला खाली उतरायला सांगितलं, आणि त्या दिवशी भाजी चालत जाऊन आणली.

संध्याकाळी त्यांनी मला समजावलं. ओल्या फरशीवरून तू धावत येतेस आणि एकदम पाय रोवून थांबायला बघतेस. काय होतं? घसरतेस. पण छोटी छोटी पावलं टाकत थांबलीस तर तोल राहतो, वाटेत कुणी आलं तर वळताही येतं. या गाडीत एक पेटी आहे. चाकं जाम व्हायला लागली की ती ब्रेकला छोटी पावलं टाकायला लावते, एका सेकंदात कितीतरी वेळा धरते आणि सोडते. त्या पेटीचा हा दिवा.

"म्हणजे ब्रेक गेला का?"

"ब्रेक शे. ब्रेकनी अक्कल गयी."

आग्रा रोडवरचा मिस्त्री चांगला माणूस होता. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की असली भानगड धुळ्यात कुणाला येत नाही. "साधा ब्रेक ठणठणीत आहे अक्का. दिव्याची तेवढी वायर काढून टाकतो. दिसणारच नाही तुम्हाला."

अक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. "घरमा साप निंघना, ते काय दिवा मालवी देवाना?"

मग आम्ही इंग्लंडला, गाडी बनवणाऱ्यांना पत्र पाठवलं. मी ऑफिस सुटल्यावर टाईप केलं. पेटीच्या आतला नकाशा पाठवा, अशी विनंती. महिन्याभरानं उत्तर आलं. अतिशय सभ्य. पेटीच्या आत दुरुस्त करण्याजोगं काही नाही, कृपया ती उघडू नये, नवीन घ्यावी. नवीन मागवायची तर परवाना, जकात, बोट, सगळं धरून दिवाळी उजाडली असती. अक्कांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "त्यास्ले वाटस, आपले हातच नहीत," म्हणाल्या.

एवढ्यात मुलगा आला. अक्का त्याला भाऊ म्हणत. चाळिशीकडे झुकलेला, मऊ बोलणारा, आईला जपणारा माणूस. दर महिन्याला बसनं यायचा, तिचा रक्तदाब बघायचा, औषधं लावून द्यायचा. त्यानं तो दिवा बघितला, आणि इतके दिवस मनात असलेलं बोलून टाकलं.

"आई, गाडी विकून टाकू. जळगावला कापसाचे एक जिनिंगवाले विचारतायत. त्यांच्याकडं ड्रायव्हर आहे, ते बघतील काय करायचं ते."

"आणि मी?"

"तुला रिक्षा आहे. मी आहे. आई, तुझं वय काय, हायवेवरचे ट्रक काय! रात्री फोन वाजला की मला आधी तूच आठवतेस."

अक्का म्हणाल्या, "दिवा गया ते?"

"दिवा गेला आणि ब्रेक नीट लागला, तर मी परत विषय काढणार नाही. पण या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत. मी त्यांना शब्द दिलाय." दारात थांबून तो मला हळूच म्हणाला, "तुम्ही लक्ष ठेवा. ती कुणा मिस्त्रीच्या नादी लागून काहीतरी करून बसेल."

मिस्त्रीचा संबंधच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. सकाळी सातला गाडी सुरू करून बघायच्या, अकराला, दुपारी तीनला. दिवा विझला नाही तर खूण. आठवड्यानं त्यांनी मला कॅलेंडर दाखवलं. सकाळी सातच्या रकान्यात एकही खूण नव्हती. अकराला कधी होती, कधी नव्हती. दुपारी तीनला रोज.

"ऊन," मी म्हटलं.

"हां!" अक्कांनी माझ्या पाठीत थाप मारली. "तापनं का तुटस, थंड व्हयनं का जुडस."

खात्री करायची त्यांची पद्धत त्यांच्यासारखीच होती. भर दुपारी, मेच्या उन्हात, पुढच्या डाव्या सीटच्या पायापाशी गालिचा उचलून त्यांनी ती पेटी दाखवली. पाठ्यपुस्तकाएवढी, चपटी, ॲल्युमिनियमची. तापात डोक्यावर ठेवायची रबरी पिशवी बर्फानं भरून ती पेटीवर धरायला मला बसवलं. वीस मिनिटं मी घामानं भिजत होते आणि माझी बोटं गारठत होती. मग अक्कांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं, आणि पिवळा दिवा शहाण्यासारखा विझला. अक्का स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसल्या. दोष पेटीतच होता. चाकांपर्यंत गेलेल्या वायरींमध्ये असता, तर त्यांच्या हातून झालं नसतं.

पेटी काढली ती रविवारी. आधी बॅटरीची वायर सोडवली. स्वयंपाकघराचा ओटा स्वच्छ पुसला, पांढरं फडकं अंथरलं. मनगटाला तांब्याची तार गुंडाळून तिचं दुसरं टोक नळाला बांधलं. अंगातली वीज नाजूक भागांना लागू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. मी बघतच राहिले. असं काही मी कुठल्याही रेडिओवाल्याच्या दुकानात बघितलं नव्हतं. झाकणाच्या कडेला काळ्या रबरासारखं काहीतरी भरलेलं होतं, ते ब्लेडनं कापत त्यांनी तासाभरात झाकण उचललं. आत हिरव्या पट्टीवर शेकडो चंदेरी ठिपके होते.

त्यांनी जाड पिनांपाशी पाच-सहा ठिकाणी डाग दिले, पेटी बंद करून जागेवर लावली. सोमवारी अकराला दिवा नव्हता. दुपारी तीनला मी ऑफिसात होते. संध्याकाळी आले तर अक्का ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या, आणि कॅलेंडरवर खूण होती.

दोन दिवस त्यांनी पेटीला हात लावला नाही. गुरुवारी मला हाक मारली. पेटी परत उघडून ओट्यावर ठेवलेली होती. शेजारी घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग.

"माले दिसत नही," अक्का म्हणाल्या.

"काय दिसत नाही?"

"काहीच. पहिलेबी दिसनं नही. अंदाजथीन दिधं व्हतं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "डोयाले मोतीबिंदू येल शे. भाऊले सांगू नको. हाई व्हयी जाऊ दे, मंग मीच सांगसू."

अक्का काहीतरी अंदाजानं करतात हे कबूल करणं त्यांना किती जड गेलं, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी चष्मा काढून भिंग डोळ्याला लावलं.

"काय शोधू?"

"प्रत्येक पिनजोडे जाय. डाग कसा पायजे? टेकडीसारखा. चमकदार. टेकडीना खाले काळी रेघ दिसनी का थांब."

मी एकेक टेकडी बघत गेले. सगळ्या सारख्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अर्ध्या तासानं एका जाड पिनेभोवती मला एक रेघ दिसली. केसाएवढी, पण पूर्ण गोल, जशी भाकरीभोवती तव्याची कड दिसते. पीन त्या टेकडीतून सुटून नुसतीच उभी होती.

"अक्का!"

"बोट ठेव."

मी टाचणीचं टोक ठेवलं. त्यांनी आयर्न उचललं, माझ्या टाचणीवरून अंदाज घेतला, आणि मी आजवर ज्या हातांना बशी उचलताना थरथरताना बघितलं होतं, ते हात दगडासारखे स्थिर झाले. आयर्न टेकलं, सोल्डर वितळलं, उचललं. दोन सेकंद. मी भिंगातून बघितलं. रेघ नव्हती. टेकडी चमकत होती.

अशा तीन पिना सापडल्या. चौथीबद्दल मला शंका होती, तीही करून टाकली.

"अक्का, हे कुठं शिकलात?"

त्या आयर्न थंड व्हायला ठेवत होत्या. बाहेर कुणी नाही ना, हे त्यांनी खिडकीतून बघितलं. मग सांगितलं. इंग्लंडला गेले तेव्हा डॉक्टरांची इथली पदवी तिथं पुरेशी नव्हती. परत परीक्षा द्यायच्या होत्या, आणि त्या वर्षानुवर्षं संपल्या नाहीत. घर चालवायला अक्का रेडिओच्या कारखान्यात लागल्या. नववी शिकलेली, शिंदखेड्याकडची शेतकऱ्याची मुलगी. पट्ट्यावरून पाट्या येत, प्रत्येकीवर चौदा डाग द्यायचे, पाटी पुढे जायची. तिथल्या मुकादमीण बाई नव्या मुलींना अक्कांचं काम दाखवायला आणत. धुळ्याला पत्रं जात, त्यांत डॉक्टर लिहीत, "सौ. घरीच असते." त्यांच्या वडिलांना कळलं असतं तर त्यांनी पोराला परत बोलावलं असतं. "त्यास्नी माले शपथ घालेल व्हती," अक्का म्हणाल्या. "ते ग्यात, आते कोन सोडवी?"

मी झाकणाचे स्क्रू त्यांच्या हातात देत राहिले.

शुक्रवार, शनिवार, दुपारी तीन वाजता, रकाना कोरा. पण दिवा विझला म्हणजे पेटी काम करतेच असं अक्का मानायला तयार नव्हत्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी गाडी पांझरेच्या कोरड्या पात्रात उतरवली. वाळू आणि बारीक खडी. मला शेजारी बसवलं, आणि गाडी पळवून एकदम ब्रेक दाबला. पायाखाली बेडूक धडपडावा तसं काहीतरी टरटरलं, गाडी थरथरली आणि सरळ रेषेत थांबली. अक्का उतरून मागे चालत गेल्या आणि वाळूत वाकून चाकांच्या खुणा बघायला लागल्या. मग पेटीची वायर मुद्दाम काढून परत तेच केलं. या वेळी गाडी तिरपी घसरत गेली आणि मागे दोन सलग चर पडले. आधीच्या खुणा तुटक होत्या, शिवणीच्या टाक्यांसारख्या. नदीवर कपडे वाळवत असलेल्या परटानं विचारलं, "अक्का, काही हारपनं का?"

"सापडनं," अक्का म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही वीस वेळा तरी ब्रेक दाबला असेल. मोतीबिंदूचं माझ्या मनात होतंच. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, दूरचं दिसतं, जवळचं बारीक दिसत नाही. मी त्यांच्याकडून नदीपलीकडच्या पाट्या वाचून घेतल्या. सगळ्या बरोबर वाचल्या.

रविवारी मुलगा सकाळच्या बसनं आला. दिवा विझतो हे त्यानं दोनदा तपासलं, आणि मिस्त्रीला चांगलं जमलं म्हणाला. आम्ही दोघींनीही काही सांगितलं नाही. जिनिंगवाले दुपारी जळगावला त्याच्या घरी येणार होते. त्यांना नाही म्हणायचं तर समक्ष म्हणू, असं तो म्हणाला, पण आधी ब्रेक बघू. अक्का स्टिअरिंगवर बसल्या, मुलगा शेजारी, मी मागे. रस्ताभर मी मनात एकच हिशोब करत होते. पिना शेकडो होत्या. माझे डोळे थकले होते. एखादी रेघ बघायची राहिली असेल तर?

पारोळा मागे पडलं. एरंडोलच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. उतारावर नवी खडी पसरलेली, अजून दाबलेली नव्हती. उताराच्या तळाशी मोरी, आणि मोरीच्या अलीकडे एक बंद पडलेला ट्रक. आम्ही ट्रकच्या जवळ आलो आणि त्याच्या आडून कपाशीच्या पऱ्हाट्यांनी भरलेली एक बैलगाडी रस्त्यावर आली.

"आई!" मुलगा ओरडला.

अक्कांनी पाय पूर्ण दाबला. पेडल टरटर वाजायला लागलं. खडी दोन्ही बाजूंनी उडत होती. गाडी थांबत नव्हती, पण भरकटतही नव्हती. अक्कांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडीनं ते ऐकलं. बैलगाडीचं चाक माझ्या खिडकीपासून वीतभर अंतरावरून गेलं. पऱ्हाट्यांनी काच खरवडली. आम्ही रस्त्याच्या कडेला, एका बाभळीच्या सावलीत थांबलो.

धूळ खाली बसली. गाडीवान म्हातारा बैलांना आवरून तणतणत आला, "काय व, जीव लेतीस का?" मग आत बघून म्हणाला, "आरे, बाई शे! बरी वळवी माय तुनी." आणि बैलांकडे परत गेला.

मुलगा खाली उतरला. मागे जाऊन उतारावरच्या खुणा बघून आला. खिडकीशी वाकून त्यानं विचारलं, "कोणत्या मिस्त्रीनं केलं हे? मी त्याच्या पाया पडतो."

अक्का समोर बघत राहिल्या.

"यांनीच केलं," मी मागून म्हटलं. "पेटी उघडून, ओट्यावर."

तो तसाच वाकलेला राहिला. त्याची नजर आईच्या हातांवर गेली. उजव्या अंगठ्याच्या बाजूला भाजल्याचा ताजा डाग होता. तिथं बोट लावून तो हळू म्हणाला, "लहानपणी तुझ्या हाताला रोज असं असायचं." मग गाडीत येऊन बसला. जळगावपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

जिनिंगवाले वेळेवर आले. सूनबाईंनी पोहे केले होते, भरपूर शेव घातलेले. बैठकीत आणखी एक-दोन डॉक्टर मंडळी होती. जिनिंगवाले गाडीभोवती चक्कर मारून आले आणि म्हणाले, "तो दिवा तर लागत नाही. तुम्ही तर बिघाड आहे म्हणाला होतात. कुणाकडून करून घेतलं? आमच्याही एका गाडीचं काम आहे."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. अक्कांनी लगेच माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

मुलगा म्हणाला, "माझ्या आईनं केलं."

जिनिंगवाले हसले. बाकीचेही हसले.

"हसण्यासारखं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता आणि त्यालाच ते अवघड होत होतं. "ती इंग्लंडमध्ये रेडिओच्या कारखान्यात डाग द्यायच्या कामावर होती. अकरा वर्षं. तिच्या पगारावर बाबा डॉक्टर झाले. मीही. आम्ही हे कधी कुणाला सांगितलं नाही, ती आमची चूक. गाडी विकायची नाही, माफ करा."

सूनबाई दारात ट्रे घेऊन उभ्याच राहिल्या. जिनिंगवाले खुर्चीवरून उठले आणि काय करावं न सुचून त्यांनी अक्कांना नमस्कार केला. अक्कांनी पदर सावरला. "च्या थंड व्हयी ऱ्हायना," एवढंच म्हणाल्या.

निघताना त्यांनी मुलाला मोतीबिंदूचं सांगितलं, स्वतःहून, बुधवारची वेळ ठरवून. ऑपरेशन होईपर्यंत गाडी हायवेला काढायची नाही, असं त्यांनीच त्याला वचन दिलं. आज मात्र परत न्यायची म्हणून त्यानं ओळखीचा एक ड्रायव्हर बरोबर दिला. अक्का माझ्याबरोबर मागे बसल्या. गाडी दुसऱ्याच्या हातात असताना मागे बसलेल्या अक्का मी पहिल्यांदाच बघत होते. ड्रायव्हर खड्ड्यात घालत होता, तरी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

पारोळ्याच्या पुढे त्यांनी माझा हात धरला. ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं.

"ब्रेकनी माले चिंता नव्हती," त्या म्हणाल्या. "ब्रेक थांबी, हाई माले ठाऊक व्हतं. भाऊ बोली, असं वाटनं नव्हतं."

त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. जरा वेळानं त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"काय बोलना तो? कपबश्या वाजत व्हत्यात, माले नीट ऐकू ऊनं नही."

मी सांगितलं. माझी आई, रेडिओच्या कारखान्यात, डाग द्यायच्या कामावर, अकरा वर्षं, बाबा डॉक्टर झाले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मुकटी गाव आलं तेव्हा म्हणाल्या, परत सांग. मी परत सांगितलं. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला, तर त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांग म्हणाल्या. धुळ्याच्या अलीकडच्या फागण्यापर्यंत मी ते चार वेळा सांगितलं, आणि चौथ्या वेळी अक्कांनी मला मध्येच अडवलं.

"अकरा नही," त्या म्हणाल्या. "साडेअकरा."